जलदानाच्या दिवशीचं भाषण

आमच्या सरांना माइक दिसला की त्यांच्या अंगात येतं. हे मी आज म्हणत नाही, कंधारहून लग्न होऊन ह्या घरात आले तेव्हापासून म्हणते. आमच्याच लग्नात ह्यांनी हळदीच्या अंगानं उठून पाहुण्यांचे आभार मानले. नवरदेवानं स्वतः! माझा बाप माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "जगदेवी, पोरगं बरं हाय ना गं?" मी काय सांगणार? मी तरी कुठं बघितलं होतं नीट.

आनंदराज सोनकांबळे, जिल्हा परिषद शाळेचे गुरुजी. आता रिटायर होऊन चार वर्षं झाली. रेणापूर तालुक्यातलं आमचं गाव लहान, पण ह्यांचा आवाज आसपासच्या वीस गावांत ओळखतात. बारसं असो, लग्न असो, चौदा एप्रिल असो, कुणाची सेवानिवृत्ती असो, सूत्रसंचालनाला आनंदराज सर पाहिजेतच. आणि जलदान विधीला तर हमखास. आमच्यात माणूस गेला की पाचव्या-सातव्या दिवशी जलदान ठेवतात. सगळे पांढऱ्या कपड्यांत येतात, फोटोपुढं मेणबत्ती लागते, भंतेजी त्रिसरण-पंचशील देतात. मग ज्याला वाटेल तो उठून गेलेल्या माणसाबद्दल दोन शब्द बोलतो, शेवटी घरचे लोक हात जोडून उभे राहतात आणि जेवणं होतात. आता "ज्याला वाटेल तो" असं मी म्हणते, पण आमचे सर कुणाला न बोलता जाऊच देत नाहीत. मांडवाच्या मागं चप्पल काढून बसलेल्या माणसालाही नाव घेऊन पुढं बोलावतात.

आणि बोलावताना नुसतं नाव घेतील तर शप्पथ. सरपंच आले की "विकासपुरुष". तालुक्याचा डॉक्टर आला की "देवदूत". आम्ही देव मानत नाही, तरी देवदूत! किराणा दुकानवाला आला तर "दानशूर", आणि तो आमच्या डोळ्यांदेखत काटा मारतो. मी घरी आल्यावर म्हणायची, "अहो, लाज कशी वाटत न्हाई?" तर हसून म्हणायचे, "जगदेवी, चांगल्या शब्दाला काय वजन लागतं? समोरचा खूश होतो, आपलं काय जातं?"

ह्यात नुसती हौस नव्हती, हे मला लई वर्षांनी कळलं. नामांतराच्या साली आमच्या वस्तीतली घरं जाळली तेव्हा हे चौदा वर्षांचे होते. ह्यांचंही घर गेलं. तेव्हा गावातल्या एका मोठ्या घरानं ह्यांना दीड महिना आपल्या गोठ्यात राहू दिलं. पुढं झेंडावंदनाला माझ्या सासऱ्यानं ह्यांना चारचौघांत उभं केलं आणि त्या घराचे आभार मानायला लावले. पोरगं हुशार, चांगलं बोललं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ज्यांनी आग लावली होती त्यांनीसुद्धा वाजवल्या. त्या दिवशी पोराच्या डोक्यात काय बसलं असेल ते बसलं. मला एवढंच दिसतं, की तेव्हापासून हा माणूस कुणाबद्दल वाईट बोलला नाही.

ते मोठं घर म्हणजे शरदचंद्र साहेबांचं. तेव्हा त्यांचे वडील होते. आता शरदचंद्र लातूरला असतात, गावात नुसती शेती आणि पाहुण्यांसाठी बांधलेला बंगला आहे. लातुरात त्यांची शिक्षणसंस्था आहे. कॉलेज आहे, नीटचे क्लास आहेत, दोन वसतिगृहं आहेत. पोरगा मुकुल सगळा कारभार बघायचा. कारभार म्हणजे काय, काचेच्या खोलीत बसून लोकांवर ओरडायचं.

आमच्या गल्लीतल्या सिंधूचा सुगत त्याच वसतिगृहाच्या ऑफिसात कारकून होता. सिंधूचा नवरा लेकरं लहान असतानाच गेला. ती शाळेत खिचडी शिजवायची, आणि त्याच शाळेत आमचे सर शिकवायचे. सुगत आणि दिपाली, दोन्ही लेकरं माझ्या अंगणवाडीतून गेलेली. सुगतला वजनकाट्याच्या झोळीत टाकलं की असा भोकाड पसरायचा, की शेजारची बाई काय झालं म्हणून बघायला यायची. मोठा झाल्यावर मात्र शांत. बहिणीला डॉक्टर करायचं, एवढंच डोक्यात.

दिपालीला अकरावीला शरदचंद्रांच्याच कॉलेजात घातलं. पोरगी क्लासच्या परीक्षेत पहिली आली, आणि लातूरच्या चौकात तिचा फोटो हा एवढा मोठा फ्लेक्सवर लागला. बाहेर फोटो आणि आत रोज जातीवरून टोमणे. पोरगी रडायची. शेवटी सुगतनं ठरवलं की तिला दुसऱ्या कॉलेजात घालायचं. पण दाखला, गुणपत्रिका, सगळी मूळ कागदं संस्थेनं ठेवून घेतलेली. सुगत तीन दिवस मागत राहिला. चौथ्या दिवशी दिपालीला घेऊनच गेला. दुसऱ्या मजल्यावर, काचेच्या खोलीबाहेर मुकुल म्हणाला, "फोटो आम्ही लावायचा आणि पोरगी तुम्ही न्यायची?" सुगत म्हणाला, कागद द्या, नाहीतर मी तक्रार करतो. मग मुकुलनं त्याला जातीवरून जे म्हणायचं ते म्हटलं, दोन थोबाडीत दिल्या, आणि छातीला हात लावून कठड्यावरून ढकलून दिलं. दिपाली चार पायऱ्या खाली उभी होती. तिनं सगळं बघितलं.

सुगत तिथंच गेला. चोवीस वर्षांचं पोरगं.

संस्थेनं सांगितलं, पाय घसरून पडला. वॉचमननं पहिल्या दिवशी पोलिसांना सांगितलं की ढकलताना बघितलं. नंतर त्याला आठवलं की तो त्या वेळी जेवायला गेला होता. म्हणजे डोळ्यांनी बघणारी एकटी दिपाली राहिली. मुकुल फरार झाला.

पाचव्या दिवशी जलदान ठेवलं. वस्तीतल्या समाजमंदिरापुढं मांडव, माणसं मावेनात. भंतेजींची देशना, म्हणजे प्रवचन, संपली, आमच्या सरांनी माइक घेतला. सुगतबद्दल बोलले, बाया रडायला लागल्या. तेवढ्यात तीन गाड्या येऊन थांबल्या, आणि शरदचंद्र साहेब पांढरेशुभ्र कपडे घालून, हातात फुलं घेऊन मांडवात शिरले. मागं आठ-दहा माणसं, त्यातल्या एकाच्या हातात मोबाइल, शूटिंग चालू.

वस्तीतली पोरं ताडकन उठली. म्हाताऱ्या नरसिंग मामानं त्यांना खाली बसवलं. "दुखवट्याला आलेल्या माणसाला मांडवातून हाकलत न्हाईत रे," म्हणाला. "आपल्यात तशी रीत न्हाई." खरं आहे, नाही आमच्यात तशी रीत. सिंधू खाली मान घालून बसली होती, तिला कोण आलं हेही कळलं नसेल. शरदचंद्रांनी फोटोला फुलं वाहिली आणि पुढच्या सतरंजीवर बसले.

मी ह्यांच्या मागंच बसले होते. मी कुडता ओढला. "न्हाई हं," म्हटलं. "ह्याला न्हाई." ह्यांनी माझ्याकडं बघितलं. त्यांना कळलं होतं, मी शपथेवर सांगते, त्यांना कळलं होतं. पण तोंड आपलं चालू झालंच.

"आणि आता आपल्यामध्ये उपस्थित आहेत आपल्या गावचे भूषण, शिक्षणमहर्षी, गोरगरिबांचे कैवारी, आदरणीय शरदचंद्रजी साहेब. मी त्यांना विनंती करतो, की त्यांनी आपल्या भावना व्यक्त कराव्यात."

आग लागो त्या माइकला. शरदचंद्र बोलले, गोड बोलले. सुगत मला मुलासारखा होता, जे घडलं ते दुर्दैवी, कायदा आपलं काम करील. ते खाली बसले तरी आमच्या सरांचं पोट भरलं नव्हतं. वर म्हणाले, "साहेबांचं घर आणि सिंधूताईंचं घर वेगळं नाही. साहेब वडीलधाऱ्यासारखे ह्या कुटुंबाच्या पाठीशी उभे आहेत, त्याबद्दल कुटुंबाच्या वतीनं मी त्यांचे मनःपूर्वक आभार मानतो." मग शेवट झाला, आणि रीतीप्रमाणे सिंधू आणि दिपाली हात जोडून उभ्या राहिल्या. शरदचंद्र बरोबर त्यांच्या समोर येऊन थांबले. मोबाइलवाला अजून शूटिंग करत होता.

घरी आल्यावर मी काय काय बोलले ते इथं सांगत नाही. भांडी आपटली, चूल पेटवली नाही. हे म्हणाले, "आलेल्या माणसाला काय म्हणायचं मग?" मी म्हटलं, "काहीच म्हणायचं न्हाई! तोंडाला कुलूप लावता येत न्हाई का एक दिवस?" मला वाटलं, झालं ते झालं, मांडवातली गोष्ट मांडवात राहील.

नवव्या दिवशी मुकुल नांदेडात एका नातेवाइकाच्या घरी सापडला. त्याला जेलात टाकलं तेव्हा वस्तीत पहिल्यांदा सगळ्यांच्या घरी नीट जेवणं झाली. दिपाली परत पुस्तकं काढून बसायला लागली. मग अडीच महिन्यांनी एका मंगळवारी पोलीस नोटीस घेऊन सिंधूच्या दारात आला. आरोपीनं जामिनासाठी अर्ज केला आहे, फिर्यादीचं काय म्हणणं आहे ते कोर्टात येऊन सांगा. अॅट्रॉसिटीच्या खटल्यात जामिनाआधी फिर्यादीचं ऐकावंच लागतं, हे आम्हाला मनिषानं सांगितलं. मनिषा म्हणजे नांदेडची वकील, आपल्याच समाजातली, चटपटीत आणि तोंडानं माझ्यासारखीच. सरकारी वकील होतेच, पण सिंधूच्या बाजूनं ती स्वतःहून उभी राहिली होती.

लातूरच्या कोर्टात पहिली तारीख झाली, आम्ही सगळे गेलो. आरोपीचा वकील संभाजीनगरहून आलेला, काळ्या कोटावर एक सुरकुती नाही. त्यानं सांगितलं की मुलगा प्रतिष्ठित घरातला आहे, पळून कुठं जाणार नाही, साक्षीदारांवर दबाव आणण्याचा प्रश्नच येत नाही. कारण दोन्ही कुटुंबांचे संबंध घरोब्याचे आहेत. आणि त्यानं लॅपटॉप उघडला.

आमच्या सरांचा आवाज त्या कोर्टात खणखणीत वाजला. शिक्षणमहर्षी. गोरगरिबांचे कैवारी. साहेबांचं घर आणि सिंधूताईंचं घर वेगळं नाही. मग हात जोडलेली सिंधू आणि समोर शरदचंद्र, तिथं त्यानं चित्र थांबवलं आणि तसंच ठेवलं. म्हणाला, "ज्यांना भीती वाटते, ते असे आभार मानतात का?"

सिंधू पदर तोंडात धरून बसली. आमचे सर बाकावर बसल्या जागी एवढेसे झाले. मला त्यांची कीव आली नाही, खरं सांगते. मला राग आला, आणि तो त्या वकिलापेक्षा ह्यांचाच जास्त आला. न्यायाधीश साहेबांनी आमच्या बाजूला उत्तर द्यायला दहा दिवसांची तारीख दिली. बाहेर आल्यावर दिपालीनं ह्यांना विचारलं, "आजोबा, तो सुटल का?"

त्या दहा दिवसांत वस्तीच्या तोंडाशी एक पांढरी गाडी येऊन उभी राहायला लागली. कुणी उतरायचं नाही, कुणी काही बोलायचं नाही. दिपाली पाण्याला निघाली की गाडीची काच खाली व्हायची, एवढंच. पोलिसांना सांगितलं तर म्हणाले, रस्ता काय कुणाच्या बापाचा आहे का? मुकुल आत असताना ही तऱ्हा. बाहेर आल्यावर पोरगी साक्ष द्यायला उरेल का, एवढाच प्रश्न होता आणि तो सगळ्यांना कळत होता.

मनिषा नांदेडहून आमच्या घरी आली. चहाला हात लावला नाही. "सर, एकच रस्ता हाय," म्हणाली. "तुम्ही शपथपत्र द्यायचं. की ते बोललो ते खरं नव्हतं. घरोबा नव्हता, कुटुंबानं आभार मानायला सांगितलं नव्हतं, माझ्या मनानं बोललो. माइकवर मी सगळ्यांना असंच म्हणतो."

"म्हणजे मी खोटं बोलतो असं लिहून देऊ?"

"हाव."

"मनिषा, बाई, चाळीस वर्षं बोलून राहिलो मी. लोक काय म्हणतील? आनंदराज सर खोटारडे?"

मला राहवलं नाही. "लोकांना कवाच माहीत हाय," मी म्हटलं. "तुम्हालाच तेवढं माहीत न्हाई."

ते उठून आत गेले. दोन दिवस जेवणावर मन नाही, कुणाशी बोलणं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना घेऊन सिंधूकडं गेले. दिपालीची पुस्तकं खताच्या रिकाम्या पोत्यात भरून तोंड बांधून ठेवली होती. सिंधू म्हणाली, "धर्माबादला हिच्या मावशीकडं पाठवून देते, सर. तारीख लागायच्या आधीच. परीक्षा न्हाई दिली तर न्हाई दिली. एक गेला, दुसरं तर राहू द्या." दिपाली पोत्याच्या गाठीकडं बघत भिंतीला टेकून उभी होती. फ्लेक्सवरचा तो हसरा फोटो हिचाच होता, हे कुणाला सांगून पटलं नसतं.

आमच्या सरांनी तिथूनच मनिषाला फोन लावला. "लिही," म्हणाले. "काय लिहायचं ते सगळं लिही. मी सही करतो."

जामिनाच्या अर्जात साक्षी-बिक्षी होत नाहीत, सगळं कागदावर चालतं, असं मनिषा म्हणाली होती. पण न्यायाधीश साहेबांनी शपथपत्र वाचलं, चष्मा काढला आणि विचारलं, "हे आनंदराज सोनकांबळे आले आहेत का?" आमचे सर उभे राहिले. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. समोर माइक नव्हता, तरी हात उगीच पोटाशी धरलेला होता.

"व्हिडिओतला आवाज तुमचाच आहे?"

"हो साहेब."

"तुम्ही यांना गोरगरिबांचे कैवारी म्हणालात. तुम्हाला तसं वाटतं?"

"नाही साहेब."

"मग का म्हणालात?"

"मी सगळ्यांनाच म्हणतो साहेब. मागच्या महिन्यात एकानं मोबाइलचं दुकान उघडलं, त्यालाही म्हटलो."

कोर्टात हशा पिकला. चोपदार हसला, कारकून हसला. शरदचंद्रसुद्धा हसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चाळीस वर्षं ज्या माणसाच्या बोलण्यावर लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्याच्यावर लोक हसत होते, आणि तो हात पोटाशी धरून तसाच उभा होता.

मग आरोपीचा वकील उठला. "म्हणजे गुरुजी, तुम्ही हजार माणसांपुढं खोटं बोलता आणि कोर्टात मात्र खरं बोलता, असं आम्ही समजायचं?"

"हो साहेब."

"मांडवात जे बोलता त्याला काहीच अर्थ नसतो?"

"नसतो साहेब."

"कुणाबद्दलही बोललात तरी?"

"कुणाबद्दलही बोललो तरी. ठरलेले शब्द असतात साहेब. माणूस बदलतो, शब्द तेच असतात."

माझ्या शेजारी सिंधू बसली होती. ती इतका वेळ खाली बघत होती, तिनं आता मान वर केली.

न्यायाधीश साहेबांनी वकिलाला हातानं बसवलं. म्हणाले, "गुरुजी, एक सांगा. ह्या माणसाच्या मुलावर त्या घरातलं पोरगं मारल्याचा आरोप होता. तुम्हाला ते माहीत होतं. त्या दिवशी निदान ह्यांना तरी न म्हणता चाललं नसतं का?"

ह्यांनी पोटाशी धरलेला हात खाली सोडला. मग म्हणाले, "न म्हणायची हिंमत झाली नाही साहेब." आवाज असा होता की मी तरी कधी ऐकला नव्हता. चौदा वर्षांचं पोरगं बोलावं तसा.

दुपारी जेवणाच्या सुट्टीनंतर आदेश झाला. अर्ज नामंजूर. मनिषानं आम्हाला समजावून सांगितलं. साहेबांनी लिहिलं होतं की डोळ्यांनी बघणारी साक्षीदार एक विद्यार्थिनी आहे, आरोपीच्याच वडलांच्या संस्थेत शिकत होती, एका साक्षीदाराचा जबाब आधीच फिरला आहे. आणि आरोपीच्या बाजूनं जो व्हिडिओ दिला त्यातून घरोबा दिसत नाही, उलट दहशत दिसते. ज्या घरात मयत झालं त्याच घरच्या मांडवात, त्याच समाजातला शिकलेला माणूस आरोपीच्या बापाची स्तुती केल्याशिवाय राहू शकत नसेल, तर ती सतरा वर्षांची मुलगी त्या लोकांपुढं खरं कशी बोलणार? आरोपी बाहेर आला तर साक्ष होणारच नाही. म्हणून जामीन नाही.

शरदचंद्र जाताना आमच्या सरांपुढं थांबले, हात जोडून "येतो गुरुजी" म्हणाले. सरांचे हात आपोआप वर यायला निघाले होते. मी मनगट धरून खाली ओढलं.

मनिषा म्हणाली की ते आता हायकोर्टात जातील, पुन्हा भांडावं लागेल, पण तोवर पोरीची परीक्षा होईल आणि साक्षीची तारीखही लवकर मागता येईल. दिपाली कितीतरी दिवसांनी पोटभर पाणी प्याली. वस्तीतली पोरं येऊन सरांच्या पाया पडायला लागली. "सर, तुमच्यामुळं झालं." ह्यांनी कुणाच्या पाठीवर हात ठेवला नाही, नुसते बघत उभे राहिले.

कोर्टाच्या आवारात आम्ही जीपची वाट बघत होतो. सिंधू जवळ आली. आनंद झाला असेल असं मला वाटलं, पण तिचं तोंड उतरलेलं होतं.

"सर, एक इचारू का?"

"विचार ना, ताई."

"जलदानाला तुम्ही माझ्या सुगतबद्दल बोलले व्हते. 'सुगत हा आपल्या वस्तीच्या उंबऱ्यावर लावलेला दिवा होता. वाऱ्यानं दिवा विझवला, पण त्याच्या उजेडात आपण पाहिलेली वाट विझणार नाही.'" एक शब्द इकडचा तिकडं झाला नाही. "मी पाठ केलंय ते. रोज सकाळी फोटोपुढं म्हणते. दुसरं मला काय बोलता येतंय?" ती थांबली. "ते बी तसंच व्हतं का, सर? ठरलेलं?"

आमच्या सरांनी तोंड उघडलं. काहीच आलं नाही. डोळे मात्र भरून आले, आणि ते बघून सिंधूचा चेहरा आणखी उतरला. मग तिनं माझ्याकडं बघितलं.

"काकू, तुम्ही सांगा. तुम्ही खोटं बोलत न्हाई."

तो दिवा मी तीन वेळा ऐकला होता. एकदा कंधारला विहिरीत बुडालेल्या पोराच्या जलदानात. एकदा मोटरसायकलवर गेलेल्या शिक्षकाच्या. एकदा तर ह्यांच्या सख्ख्या चुलत्याच्या, आणि तो म्हातारा नव्वद वर्षांचा होऊन गेला होता.

"न्हाई गं पोरी," मी म्हटलं. "ते सुगतसाठीच लिहिलं होतं. आदल्या दिवशी दुपारभर वही घेऊन बसले होते. दोनदा लिहिलं, दोनदा खोडलं. म्हणाले, जगदेवी, माझा विद्यार्थी हाय, त्याच्यासाठी वेगळं पाहिजे. मीच चहा करून दिला की."

सिंधूनं पदरानं डोळे पुसले. "मला वाटलंच," म्हणाली. "तसं दुसऱ्या कुणाला म्हणता येणार न्हाई." आणि दिपालीचा हात धरून जीपकडं गेली.

सर माझ्याकडं बघत होते. मी त्यांच्याकडं बघितलं नाही. चाळीस वर्षं मी ह्या माणसाला गोड खोट्यापायी बोलत आले, आणि माझ्या तोंडून ते किती सहज निघालं, चहासकट.